डुलकीचं मूळ ताटात

दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर येणारी झापड म्हणजे आळस नव्हे. परभणीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हे मला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागतं. मोंढ्यात अडतीवर बसणारे, कचेरीतले कारकून, शिकवणीला जाणारी मुलं, जिंतूर रस्त्यावर गाडी चालवणारे, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: “ताई, जेवलं की डोळे जड होतेत. काम सुचंना.” यातल्या काहींनी स्वतःला आळशी ठरवून टाकलेलं असतं, तर काहींनी कुणाचं तरी ऐकून भात-भाकर एकदम बंद केलेली असते. दोन्ही टोकांना जायचं कारण नाही.

आपल्या शरीराचं घड्याळ दिवसातून दोनदा झोपेकडे झुकतं. एकदा रात्री आणि दुसऱ्यांदा, जरा हलकेच, दुपारी एक ते चारच्या दरम्यान. दुपारचं जेवण टाळलं तरी ही सुस्ती थोडीफार येतेच, आणि रात्रीची झोप अपुरी असेल तर जास्तच येते. जेवण तिच्यात भर घालतं. ती भर किती पडायची, हे ताटात काय आणि किती वाढून घेतलंय यावर ठरतं.

जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं आणि मेंदूला कमी पडतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. निरोगी माणसाचं शरीर मात्र मेंदूचा रक्तपुरवठा नीट सांभाळतं. कारणं दुसरीकडे आहेत. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा यांतली कर्बोदकं पचली की रक्तातली साखर वाढते आणि इन्सुलिन पाझरतं. साखरेबरोबर बरीचशी अमिनो आम्लंही ते स्नायूंकडे पाठवतं. ट्रिप्टोफॅन हे एक अमिनो आम्ल मात्र रक्तात मागे राहतं. बाकीची गर्दी हटल्यामुळे त्याला मेंदूत शिरायला वाट मोकळी मिळते आणि तिथे त्याचं सेरोटोनिन बनतं, जे शरीराला विसाव्याकडे नेतं. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी दाखवली. दुसरं कारण ओरेक्सिन. आपल्याला जागं ठेवणारं हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी साखर वाढली की मंदावतात आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं मिळाली की तरतरीत होतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ट्रिप्टोफॅनच्या साखळीतही तेच: जेवणात थोडी प्रथिनं असली, तरी तिचा जोर बराच ओसरतो. म्हणजे प्रश्न भाकरीचा नाही. भाकरीच्या सोबतीला काय आहे, हा प्रश्न आहे.

आमच्याकडे भाकर ज्वारीची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि दहा ग्रॅम तंतू असतात. अख्ख्या गव्हाचे आकडेही जवळपास तेवढेच. पांढऱ्या तांदळात मात्र तंतू तीन ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे पोळी सोडून भाकर धरली की झोप पळते, असं मी कुणाला सांगत नाही. ज्वारीचं खरं बळ तिच्या पंगतीत होतं. घट्ट वरण, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, कारळाची नाहीतर जवसाची चटणी, वरून ताक. ही पंगत विरळ होत गेली. खरिपाच्या रानात ज्वारी, मूग, उडीद यांची बरीच जागा सोयाबीननं घेतली. रेशनवर गहू-तांदूळ आला. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला पस्तीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, पण ते शेतातून थेट मोंढ्यात जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. एवढी प्रथिनं पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत वरण पातळ असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कचेरीतला नेहमीचा डबा उघडून बघू. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, दोन वाट्या भात, पातळ वरण. हिशेब केला तर कर्बोदकं दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम वीस-बावीस ग्रॅम, तीही बरीचशी धान्यातलीच. असा डबा आणणाऱ्या माणसाला मी सांगते: दीड भाकर घ्या, वरण वाटीभर पण चमचा उभा राहील इतकं घट्ट, मोडाच्या मटकीची उसळ, एक काकडी किंवा मुळा, ताक. भात हवाच असेल तर अर्धी वाटी. कर्बोदकं साधारण एक तृतीयांशानं उतरतात, प्रथिनं वाढतात आणि पोट भरल्याचं समाधानही राहतं. हैदराबादच्या याच संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांतही धान्यातून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं म्हटलं आहे.

क्रमही महत्त्वाचा. आधी काकडी-भाजी आणि उसळ, मग भाकर, शेवटी भात असं जेवलं की साखर हळू चढते. जेवणानंतर दहा मिनिटं पायी फिरा. आपल्या आज्या शतपावली करायच्या ती उगाच नव्हे. चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात. जेवल्या जेवल्या गोड चहा घेऊ नका. त्यानं साखर वाढते आणि अन्नातलं लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते.

लोहाचा विषय इथे मुद्दाम काढते आहे. आमच्याकडच्या कितीतरी बायांचा थकवा जेवणामुळे नसतोच, तो रक्त कमी असल्यामुळे असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं विकसित केलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ साली आलं. त्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं, म्हणजे नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरंच जास्त. आपल्याच मातीत तयार झालेलं हे वाण आपल्या दुरडीत यायला हवं.

उपवासाच्या दिवशी झोप का येते, असंही लोक विचारतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ‘एकादशी दुप्पट खाशी’ या म्हणीप्रमाणे ताटभर खिचडी आणि वर बटाटा झाला की दुपार गेलीच. उपवास जरूर करा. खिचडी वाटीभर घ्या, दाण्याचा कूट सढळ हातानं घाला, सोबत दही ठेवा. भगर आणि दाण्याची आमटी त्याहून बरी.

हे सगळं बैठं काम करणाऱ्यांसाठी झालं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला मी भाकर कमी करायला कधीच सांगणार नाही. दिवसभर वाकून राबणाऱ्या शरीराला ती ऊर्जा लागतेच. तिच्या फडक्यात भाकर, ठेचा आणि कांदा असतो. त्यात मूठभर शेंगदाणे, भाजलेले हरभरे किंवा घट्ट पिठलं यायला हवं. तिच्या बाबतीत काढायचं काही नाही, घालायचंच आहे.

दुपारी झोप अनावर झाली तर पंधरा-वीस मिनिटं टेकावं, तीनच्या आत. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोपही लांबते. गाडी चालवणाऱ्यांनी तर झापड आली की गाडी बाजूला घ्यायचीच. तिथे जिवाशी गाठ आहे.

मात्र ताट बदलूनही पेंग जात नसेल, तहान फार लागत असेल, रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर साखर तपासा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघून घ्या. मोठ्यानं घोरत असाल तर डॉक्टरांना तेही सांगा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकर-भात एकदम तोडू नका, साखर घसरण्याचा धोका असतो.

दिवाळीचा फराळही कर्बोदकांना प्रथिनांची जोड देण्याच्या नियमानंच खावा. शंकरपाळी आणि करंजी म्हणजे मैदा आणि साखर. ती जेवणानंतर वर भर म्हणून नको, भुकेच्या वेळी एखाद-दुसरी, सोबत मूठभर दाणे घेऊन खावी.

शेतकरी वाचकांना माझी एक विनंती आहे. खरिपात आधी मूग-उडीद निघतात, मग सोयाबीन खळ्यातून येतं, पुढे तूर येते. माल मोंढ्यात नेण्याआधी घरातल्या माणसांच्या हिशेबानं वर्षाची डाळ बाजूला काढून ठेवा. सोयाबीनचंही एखादं पायलीचं माप घरात राहू द्या. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवून, वाळवून, नऊ भाग धान्याला एक भाग या बेतानं दळणात घाला. कच्चं मात्र दळू नका. बाजारात भाव काहीही मिळो, आपल्या लेकराबाळांच्या ताटातलं वरण घट्ट राहिलंच पाहिजे.