पिवळ्यापलीकडे

"डोळं निवळाय लागल्यात बाई, माळ पार बेंबीला आली," सासूबाई सांगत होत्या. सूनबाईंना आठवा महिना. गळ्यातली काविळीची माळ खरंच लांबली होती. सुकत गेलेल्या काड्या गाठींतून सरकतात नि माळ वाढते. मी ती कधी काढायला लावत नाही. पोटात झाडपाला गेला नाही ना, एवढं मात्र खोदून विचारते.

मग सुनेपुढे वही सरकवली. "नाव लिही गं."

सोमवारी तिनं घोटून लिहिलं होतं. मंगळवारी शिरोरेघ उताराला लागली. आज बुधवारी रेघच नव्हती, अक्षरं एकमेकांवर चढलेली. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडले. यकृताचं दुखणं मेंदूपर्यंत पोचल्याची ही खूण. तेवढ्यानंच पुढची धावपळ सुरू झाली: साखर ४८, रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर चढलेला, शिरेतून ग्लुकोज, मोठ्या रुग्णालयाला फोन.

दूषित पाण्यातून येणारी ही हिपॅटायटिस 'ई'ची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते. शेवटच्या तिमाहीत मात्र आपल्याकडच्या प्रकारानं २० ते २५ टक्के बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात देता येईल असं यावर नेमकं औषध नाही. दर काही तासांनी साखर बघायची, रक्त गोठतंय का बघायचं, झोपेचं औषध टाळायचं, आणि घाईनं बाळंतपण उरकायचा मोह आवरायचा. सगळं काम राखणीचं.

सुरुवातीच्या वर्षांत एकीची, यकृतपेशी फुटल्या की रक्तात चढणारी, एसजीपीटी दोन हजारांवरून तीनशेवर उतरली म्हणून मी निर्धास्त घरी जाऊन जेवले होते. यकृतात फुटायला पेशीच उरल्या नव्हत्या. आयएनआर मागवायचं मला सुचलं नव्हतं. त्यानंतर ही वही आली.

त्या सासूबाईंची सून अकराव्या दिवशी मोठ्या रुग्णालयातून घरी गेली. बाळ राहिलं नाही.

'बी'ची तऱ्हा उलटी. लोक तिला पांढरी कावीळ म्हणतात, ते किती नेमकं! आईला बहुतेकदा काही जाणवत नसतं, पण बाळंतपणात लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांना ती जन्माची चिकटते. विषाणू फार असले तर आईला अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून टेनोफोविर. बाळाला चोवीस तासांच्या आत लस, जोडीला इम्युनोग्लोब्युलिन. अंगावर पाजायला हरकत नाही, हे तर आजीला तीनदा सांगावं लागतं.

परवा रात्री सिस्टर एवढुशी मांडी चिमटीत धरून सुई टोचत होत्या, आणि खाटेवरची आई खालची पापणी ओढून मला दाखवत होती, "कुठाय कावीळ? बघा की, पांढरेफेक हायत डोळं!"