मांजर, मांजा आणि बुटांचा खोका

वीकएंडला काहीतरी खरडायचंच असा नेम आहे, तर या वेळी कबुतरं. नाकं मुरडू नका! पुण्यात आमच्या बाल्कनीत घाण करतात ती वेगळी. मी म्हणतोय ती पाळीव, मिरजेला घराच्या गच्चीवर अण्णांनी (माझे थोरले काका) सांभाळलेली. गिरेबाज जास्त आणि शोभेला दोन-तीन जोड्या लक्का.

त्यांचे मोठे शत्रू दोन, मांजा आणि मांजर. (यमक आपोआप जुळलंय.) नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, पण संक्रांतीनंतर गच्चीवर काय सापडतं ते आम्हाला विचारा.

कबुतराचं वजन साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम, अंगातलं सगळं रक्त मिळून चहाचे पाच-सहा चमचे. त्यामुळे आधी स्वच्छ कापड जखमेवर धरून पाच मिनिटं दाबायचं, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही. मग भोकं पाडलेला बुटांचा खोका, आत जुना टॉवेल, अंधार आणि ऊब. भेदरलेलं पाखरू जखमेपेक्षा धसक्यानेच जातं बऱ्याचदा. चोचीत पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. वाटी ठेवा, जमेल तेव्हा ते स्वतः पिईल.

अण्णांचं औषध म्हणजे हळद आणि खोबरेल. यावरून आमचं दर वेळी वाजतं. तेलाने पिसं चिकटतात, मग अंगाची ऊब टिकत नाही. आणि हळदीखाली जखम किती खोल आहे तेच दिसत नाही. मी लिटरभर पाणी उकळून गार करतो, नऊ ग्रॅम मीठ घालतो आणि त्याने धुतो. भोवतीची पिसं कात्रीने कापायची, उपटायची नाहीत, कातडी कागदासारखी फाटते. पंख मोडला असेल तर घडी घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी, पण छातीवर आवळायची नाही. पाखरांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, श्वास घ्यायला छातीचं हाडच हलावं लागतं.

जखमेतून दाणे किंवा पाणी बाहेर येत असेल तर गळ्याखालची पिशवी फाटलीय. तिथे घरगुती काही नाही, डॉक्टरकडून टाके. आणि मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक हवं. मांजराच्या लाळेतले जंतू एक-दोन दिवसांत पाखरू संपवतात.

यंदा जानेवारीत लक्क्याच्या मादीला मांजराने धरलं. अण्णा आपली दुखण्यावरची गोळी चुरून द्यायला निघाले होते. मी हात धरला. डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. कबुतरावर प्रयोग कशाला? डॉक्टर मुख्यतः गाई-म्हशींचे, पण बिचाऱ्यांनी वजनावर हिशेब करून औषध दिलं.

खरी पंचाईत वेगळीच. मादीखाली अंडी होती, दहावा दिवस. नर सकाळी उशिरा बसतो तो दुपारपर्यंत, रात्र मादीची. अंडी उबायला सतरा-अठरा दिवस लागतात आणि ती तर खोक्यात पडलेली. रात्र झाली तशी नराची घालमेल बघवेना.

"तू तिला बघ रे, अंड्यांचं मी बघतो," अण्णा म्हणाले. आणि त्याच सुमाराला अंडी घातलेल्या गिरेबाजांच्या जोडीखाली त्यांनी ती अलगद सरकवली. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं बुवा! एक फुटलं नाही, एकातून पिल्लू आलं.

मादी जगली. डावा पंख मात्र लोंबतो, वरच्या खणापर्यंत तिला उडता येत नाही. अण्णांनी तिची जागा खालच्या खणात केली. दुसऱ्या दिवशी नर आपणहून खाली आला.