विंचवाचे बिऱ्हाड आणि हावेआचे घर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडात तो अंथरूण कोठे घालतो आणि भांडी कोठे विसळतो, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन घेऊन हिंडणाऱ्याला तो रोज पडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, मी, सौ., मुलगा आणि सूनबाई असे चौघे तीन आठवडे असे हिंडलो. तेथल्या डोंगर-तळ्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मला सांगायचे आहे ते मधल्या चार दिवसांविषयी, जेव्हा आम्ही हिंडलोच नाही.

गाडी भाड्याची होती. आत दोन शेगड्या, हातभर ओटा, बुटका फ्रीज, आणि ज्याचा रात्री पलंग होतो असे जेवणाचे टेबल. पहाटे चहाची तलफ आली तर आधी मुलाला उठवायचे, पलंगाचे टेबल करायचे, मग आधण ठेवायचे! फोडणी दिली की तिचा वास रात्री पांघरुणात आपल्या शेजारी झोपायला असे. विमानतळावर सगळे खाद्यपदार्थ लिहून द्यावे लागतात, न दिल्यास ४०० डॉलर दंड, म्हणून सौ.ने गोडा मसाला रीतसर जाहीर करून नेला होता. त्याचा सुगंध पुढे सर्व प्रवासभर जाहीरच राहिला.

शिवाय या बिऱ्हाडाचे कायदेकानू आहेत. हवे तेथे मुक्काम करायचा तर गाडी स्वयंपूर्ण असावी लागते. तीन दिवसांचे पाणी, सांडपाण्याची टाकी आणि शौचकूप, सगळे आतच. २०२३ च्या कायद्याने शौचकूप पक्का बसवलेला असणेही आवश्यक केले आहे. साचलेले पाणी नेमून दिलेल्या जागीच ओतायचे. ते काम चिरंजीव निमूटपणे करीत. घरी असताना पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा हाच का तो, म्हणून सौ. माझ्याकडे पाहत असे.

क्राइस्टचर्चहून निघून टेकापो गाठले. १९३५ साली तळ्याकाठी बांधलेले दगडी चर्च पाहिले. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे त्या तळ्याला दुधाळ निळा रंग येतो. तेथील ४,३०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश २०१२ पासून काळोख्या आकाशासाठी राखलेला आहे. रात्री वर पाहिले तर चांदणे अंगावर सांडते की काय असे वाटे. पुढे ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी पर्वत, आणि मग १९५४ साली वाहतुकीला खुला झालेला होमर बोगदा ओलांडून मिलफर्डची खाडी. तेथे इवल्याशा सँडफ्लायांनी आम्हांला फोडून काढले.

बाराव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, मला दार असलेली मोरी आणि भिंती असलेलं स्वयंपाकघर हवं. तळी पुरेत आता."

मध्यमवर्गी माणूस अशा वेळी प्रथम हिशेब करतो. गाडी उभी राहिली तरी तिचे भाडे चालूच, वर घराचे भाडे निराळे. म्हणजे एका झोपेचे दोनदा पैसे! पण सूनबाईने सासूची बाजू घेतली आणि हावेआ तळ्याकाठी एक 'क्रिब' चार दिवसांसाठी ठरले.

सुटीत राहण्याच्या साध्या छोट्या घराला तिकडे उत्तरेत 'बॅच' म्हणतात. ओटागो आणि साउथलंडमध्ये मात्र 'क्रिब'. जुन्या पिढीने ही घरे पन्हळी पत्रे, उरलीसुरली लाकडे, कधी मोडीत निघालेल्या ट्रामचे डबेसुद्धा वापरून उभारली. आमच्या घरातही खुर्च्या चार जातींच्या होत्या, कपाटात एक तुकडा हरवलेले कोडे होते आणि मागे कपडे वाळत घालायची दोरी. सौ.ने पहिल्या दुपारी गाडीतले सगळे कपडे धुऊन त्या दोरीवर घातले आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या चादरींकडे ती जितका वेळ पाहत बसली, तितका वेळ तिने आओराकीकडेही पाहिले नव्हते.

समोरचे तळे १९५८ साली विजेसाठी सुमारे २० मीटर उंच चढवलेले आहे. जुना काठ पाण्याखाली गेला. आज पाहणाऱ्याला ते अनादि काळापासून असेच असावे असे वाटते.

तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर मुलगा टेबलाशी बसून राहिला. गाडीत सर्वांची तोंडे रस्त्याकडे असतात. येथे आम्ही समोरासमोर होतो. तो म्हणाला, "बाबा, मी इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करावा म्हणतोय."

अर्थ मला ठाऊक होता. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते.

सौ. वाटाणे सोलत होती. तिने विचारले, "म्हणजे आपल्या घरी यायला तुला व्हिसा?"

"ओसीआय कार्ड मिळतं, आई. मग नाही लागत."

ती काही बोलली नाही. वाटाणे मात्र सोलून संपल्यावरही ती रिकाम्या शेंगा चाचपीत होती. मी बाहेर येऊन उभा राहिलो. माझे वडील कोकणातले घर सोडून मुंबईच्या चाळीत आले, तेव्हा त्यांच्या आईनेही असेच काहीतरी विचारले असेल. मुंबईला कागद लागत नव्हते, एवढाच फरक. आणि तो फरक लहान नव्हे.

सकाळी पोहे वाढताना सौ. म्हणाली, "कर अर्ज. आठ वर्षं इथं राबतो आहेस. पण घर घेशील तेव्हा ओटा मोठा बघून घे. मला या डबीत स्वयंपाक जमायचा नाही." सूनबाई हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

निघताना तिकडच्या रीतीप्रमाणे आम्हीच घर झाडूनपुसून, भांडी जागच्या जागी लावून ठेवली. मग हास्टच्या खिंडीतून पश्चिम किनाऱ्याकडे उतरलो. हा रस्ता किनाऱ्याच्या उत्तरभागाला १९६५ साली जोडला गेला. एकेरी पुलांवर समोरच्याला वाट देत, धबधबे मोजत आम्ही चाललो होतो, आणि मायलेक पुढे बसून घरांच्या किमतींवर वाद घालीत होते.

कोणी असा प्रवास योजीत असेल तर एवढेच सुचवीन: दोन आठवड्यांहून मोठा बेत असेल तर मध्ये तीन-चार दिवस पक्क्या छपराखाली काढा. दोन भाडी पडतात, खरे आहे. पण घरातल्या माणसांनी एकमेकांना सांगायच्या राहून गेलेल्या काही गोष्टी असतात, आणि त्यांना चालती गाडी मानवत नाही.