बाळंतिणीचं तबक

फ्लॉरेन्स, मंगळवार

प्रिय वहिनी,

सायलीच्या बाळंतपणासाठी काहीतरी वेगळं आण, असं तुम्ही निघताना बजावलं होतं. बहुधा सापडलंय. इथे पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत खाणंपिणं चित्रांच्या लाकडी तबकातून जायचं. त्याला ‘देस्को दा पार्तो’ म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची दीडेकशे वर्षं फ्लॉरेन्स आणि सिएनातल्या खात्यापित्या घरांत ही रीत होती. कोंबडीचं सूप, वाइन, मिठाया, सगळं त्यातून. आपल्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा कुणी चिताऱ्याकडून रंगवून घेतल्याचं ऐकलं नाही. इथे मात्र नावाजलेले चितारी ही कामं घेत. बाळंतपण पार पडलं की तबक भिंतीवर.

आज पालात्सो दावान्त्साती हा चौदाव्या शतकातला वाडा पाहिला. उंच, अरुंद, आणि आतली विहीर अशी की वरच्या मजल्यांवरूनही पाणी शेंदता यावं. बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी जिन्यावरून वाहणारीला केवढा आधार! तिथे स्केज्जा या चित्रकाराचं 1450 च्या सुमाराचं तबक आहे. भर रस्त्यात तरुण पोरं एकमेकांच्या पायावर पाय रोवून चापट्या मारण्याचा खेळ खेळतायत. बाळ नाही, पाळणा नाही. सुईणीचा तर पत्ताच नाही! तबकाच्या मागे गेले तर दोन नागडी, गुटगुटीत पोरं झोंबाझोंबी करताना दिसली. गंमत तिथेच आहे. ही तबकं दोन्ही बाजूंनी रंगवलेली असतात.

फ्लॉरेन्स, गुरुवार

वहिनी,

आज सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मान दुखेपर्यंत वर बघत उभी होते. गिर्लान्दायोने 1485 ते 1490 या काळात तोर्नाबुओनी घराण्यासाठी इथल्या भिंती रंगवल्या. एका चित्रात सेंट जॉनचा जन्म आहे. त्याची आई एलिझाबेथ पलंगावर बसलीय, दाई बाळाला पाजतेय, मागून एक मोलकरीण तबकात सुरया घेऊन आलीय आणि दुसरी डोक्यावर फळं घेऊन वाऱ्यासारखी आत शिरतेय. भेटायला आलेल्या बायका ठेवणीतल्या कपड्यांत. बाळंतीण बिचारी दमलेली असणार, पण पाहुण्यांचा बडेजाव काही चुकत नाही.

शेजारच्या एका चित्रात सोनेरी जरीच्या झग्यात ताठ उभी असलेली तरुणी म्हणजे या घरची सून, जोव्हाना. भिंती रंगत होत्या तेव्हाच, 1488 मध्ये, दुसऱ्या खेपेला गरोदर असताना ती गेली. ज्यांनी ही चित्रं काढून घेतली त्या सासऱ्यांची बायकोही 1477 मध्ये बाळंतपणातच गेली होती. हे कळल्यावर तबकांकडे निराळ्या नजरेने पाहिलं. 1348 च्या प्लेगने या शहरातली निम्मी माणसं नेली होती. घराघराला मूल हवं होतं, आणि ते देताना बाई राहील की जाईल याचा भरवसा नव्हता. काही जणी आधी मृत्युपत्र करून ठेवत. तबकाची दर्शनी बाजू थाटामाटाची. मनातली धाकधूक मागच्या बाजूला.

फ्लॉरेन्स, शनिवार

वहिनी,

आता मुद्द्याचं. नदीपलीकडे, ओल्त्रार्नोच्या गल्लीत, जुन्या चित्रांच्या हाती नकला करणारी एक बाई भेटली. आधी पॉप्लरच्या फळीवर सरसाचा हात, मग जिप्सम आणि सरस कालवून पातळ थरांवर थर. वाळले की घासून गुळगुळीत. चित्राच्या रेषांवर टोचलेला कागद त्यावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्यांतून आकृती उतरते. रंग अंड्याच्या बलकात. चेन्नीनो चेन्नीनी हा जुना चितारी लिहून गेलाय की तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचं अंडं घ्यावं, त्याचा बलक फिका असतो. म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्याला खेड्यातलं. ही बाई ते अजून पाळते. सोन्याच्या वर्खाखाली तांबड्या मातीचा लेप असतो आणि वर्ख चढल्यावर तो अकीकाने घोटतात. ती घोटत होती तेव्हा आधी मातकट दिसणारी कड बघता बघता आरशासारखी झाली.

तिच्याकडे बार्तोलोमेओ दि फ्रुओसिनोच्या 1428 मधल्या तबकाची नक्कल अर्धी झाली होती. त्याच्या मागच्या बाजूला एक नागडं बाळ शू करतंय, आणि धार सोन्या-चांदीची! भोवती लिहिलंय त्याचा आशय असा: प्रत्येक बाळंतिणीला देव आरोग्य देवो, मूल विनासायास जन्मो. पर्यटकांच्या दुकानांत मिळणाऱ्या नकलांना पाठच नसते. कोरी फळी आणि वर हूक. मला त्या मुळीच पटल्या नाहीत. बाळंतिणीसाठी मागितलेलं सगळं पाठीवर असताना पाठच गाळायची, तर मग कॅलेंडर काय वाईट?

म्हणून दोन्ही बाजू रंगवलेलंच घ्यायचं ठरवलंय. लहान आकाराचं. किंमत फोनवर सांगेन, पत्र दादाच्या हाती पडायला नको. पुढच्या बाजूला गिर्लान्दायोची ती फळंवाली. मागे इथे बहुतेक दोन्ही घराण्यांची कुलचिन्हं काढत. मेदिची घराण्यातल्या लोरेन्झोच्या जन्माचं, 1449 चं तबक स्केज्जाचंच. त्याच्या मागे आई-बाप दोघांच्या घराण्यांची चिन्हं आहेत. लोरेन्झोने ते मरेपर्यंत आपल्या दालनात ठेवलं होतं. आपल्याकडे कुलचिन्ह नसलं तरी देवक आहे. आपलं पंचपल्लव मी तिला कागदावर काढून दिलंय, पाचही पानं वेगवेगळी दाखव असं सांगून. सायलीच्या सासरचं देवक कोणतं ते विहीणबाईंना विचारून बुधवारच्या आत कळवा. बाईला पाठ आखायला घ्यायचीय, आणि बारशापर्यंत तबक तिकडे पोहोचायला हवं.

तुमची,
सुमन