वीस मिनिटांचा आलेख



ईईजी म्हटलं की आपल्याकडे अजून बऱ्याच जणींना वाटतं, डोक्याला तारा लावून शॉक देतात. तसं काही नसतं. ते मशीन मेंदूला काही देत नाही, फक्त मेंदूचं ऐकतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या रूपात बोलतात. ही वीज टाळूवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की ती व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये जगापुढे मांडल्या. आजही तत्त्व तेच आहे. डोक्यावर ठरावीक जागी वीसेक छोट्या चकत्या चिकटवतात आणि वीस ते तीस मिनिटं लहरी नोंदतात. डोळे मिटून शांत पडलं की सेकंदाला आठ ते तेरा लहरी येतात, गाढ झोपेत चारपेक्षाही कमी. फिटची प्रवृत्ती असेल तर मध्येच अणकुचीदार टोकं उमटतात.

इथेच सगळा घोळ होतो. ती टोकं त्याच वीस मिनिटांत उमटतील असं नसतं. फिट येणाऱ्या साधारण निम्म्याच लोकांच्या पहिल्या ईईजीत ती दिसतात. कमी झोपेनंतर किंवा पुन्हा काढला तर दिसण्याची शक्यता वाढते. उलट, आयुष्यात कधी फिट न आलेल्या थोड्या लोकांच्या आलेखातही अशी टोकं सापडतात. मी कॉमर्सवाली, मला हे हिशेबाच्या भाषेत लगेच पटलं. ईईजी म्हणजे एका दिवसाची रोजकीर्द. तिच्यावरून वर्षाचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

हे एवढं समजून घ्यायची वेळ आली ती यांच्या भाचीमुळे. कॉलेजात असताना तिला तीनदा फिट आली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, चार वर्षांत एकही झटका नाही. रोज डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला नोकरीला जाते. यंदा कल्याणचं एक स्थळ आलं. नणंदेने काही न लपवता सांगितलं, तर निरोप आला, ‘नॉर्मल ईईजी आणा, मग पुढचं बोलू.’

नणंद माझ्याकडे आली. "वहिनी, एकदा चांगला रिपोर्ट आला की प्रश्नच मिटला."

मी म्हटलं, "अहो, चांगला आला तरी आजार नव्हता असं सिद्ध होत नाही आणि वाईट आला तरी पोरगी बिघडली असं होत नाही. मग मिटलं काय?"

भाची शांतपणे म्हणाली, "मामी, मला डॉक्टरांनी सांगितलं तर मी दहा वेळा काढीन. पण हा रिपोर्ट माझ्या उपचारासाठी नाहीये."

तिचं बरोबर होतं. हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यात १९७६ साली लग्नाच्या अटींमध्ये वारंवार येणाऱ्या फिटचा उल्लेख घातला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मानसिक विकारही नाही, त्या कारणावरून घटस्फोट मागता येणार नाही. कायद्याने वेडसरपणा आणि फिट यांची जोडी सोडवली. आपल्या दिवाणखान्यात ती अजून सुटलेली नाही.

ते स्थळ पुढे गेलं नाही. नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण तो निर्णय मशीनच्या नावावर खपवू नये.

डोक्याला मार लागल्यावरही लोक असाच गोंधळ करतात. आमच्या बिल्डिंगमधला मुलगा बाइकवरून पडला तेव्हा सगळे विचारत होते, ‘ईईजी का नाही काढला?’ आत रक्तस्राव आहे का, हे सीटी स्कॅन सांगतो, म्हणून तो आधी. सीटी घराच्या भिंती दाखवतो, ईईजी घरातली वीज. माणूस शुद्धीवर येत नसेल तर शरीर न हलता मेंदूत आतल्या आत फिट चालू आहे का, हे मात्र ईईजीच दाखवतो.

अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो, तो इथेही लागू पडतो. आलेख ही एक बाजू झाली. दुसरी बाजू घरच्यांकडे असते. झटका कसा सुरू झाला, मान कुठे वळली, किती मिनिटं चालला, नंतर किती वेळ गुंगी होती, हे डॉक्टरांना आलेखाइतकंच मोलाचं असतं. नणंदेने तारखांची वही ठेवली होती, तिचा फार उपयोग झाला. आता मोबाइलवर व्हिडिओही घेता येतो.

कोणाला ईईजी काढायचा असेल तर आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोप कमी घ्यायची का, ते आधी विचारून घ्या. तिथे तीन-एक मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतील, डोळ्यांसमोर दिवा चमकवतील. घाबरू नका.

आणि स्टेशनवर कोणाला फिट आलेली दिसली तर चप्पल, कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन करा. शुद्ध येईपर्यंत जवळ बसा. लोकल दुसरी मिळेल.