कणकुंबीच्या आत्याचा डबा

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे निघालं की कुसमळीच्या पुढं पावसाची जातच बदलते. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत तर आषाढात माउलीचं देऊळही धुक्यात बुडतं. माझी आत्या इथंच राहते. झाड तारेवर पडलं की दोन-दोन दिवस लाईट नाही, हे तिला नवं नाही. पण तिला दमा आहे. 2024 च्या आषाढात अशाच एका रात्री नेब्युलायझर समोर असूनही ती पहाटेपर्यंत खांबाला टेकून धापा टाकत होती.

2025 च्या मे महिन्यात मी दुकानं पालथी घातली. मी मराठी शिकवणारा. वॅट आणि वॅट-तास यांतला फरक फिजिक्सच्या सहकाऱ्याकडून समजून घेतला. दुकानदाराचं एकच, "सर, दोड्डद तगोरी!" माझाही ओढा आधी इन्व्हर्टरकडं होता. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास, आणि तेवढ्या साठ्याला पैसेही कमी. पण ती पन्नास किलोहून जड, पाणी घालायचं, हवेशीर जागा हवी आणि पूर्ण भरायला दहा-बारा तास. कणकुंबीत पावसाळ्यात कधीकधी लाईट येते तीच मुळी दोन तासांसाठी! मी पाहिलेलं लिथियमचं पॉवर स्टेशन तेवढ्यात भरत होतं. माझा निकाल तिथंच लागला.

नेब्युलायझरवर 150 वॅट लिहिलंय. पाव तासाला जेमतेम 38 वॅट-तास. 500 वॅट-तासांच्या डब्यातून घट जाऊन 400 तरी हाती लागतात, म्हणजे दोन एलईडी दिवे धरूनही रात्र निभते. मोटरच्या यंत्रासाठी प्युअर साइन वेव्ह आहे ना, एवढं मात्र बघून घेतलं. हौसेनं घेतलेलं 100 वॅटचं सोलर पॅनेल फसलं. आषाढात लावून पाहिलं तर पडद्यावर आकडा 9!

डबा मांडीवर घेऊन बसनं निघालो. कंडक्टरनं विचारलं, "एनद री इदु?"

म्हटलं, "करंट अद री."

त्याचं वेगळं तिकीट फाडलं नाही, एवढी कृपा.

जुलैत लाईट गेली. रात्री दोनला आत्याला धाप लागली, तिनं स्वतःच बटण दाबलं आणि वाफ घेऊन झोपली. आम्हाला ते कळलं सकाळी फोनवर. आता आळीतले सगळे मोबाईल तिच्याकडं चार्जिंगला येतात. चाळीस टक्क्यांच्या खाली आकडा गेला की मात्र ती पिना उपसून ज्याचा त्याला फोन परत देते.