अब्बांच्या मेल

अब्बा कुवेतला होते तेव्हा आठवड्याला एक मेल यायचीच. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. शेवटी प्रश्न ठरलेला: अम्मीचं बीपी मोजलंस का? ते गेल्यावर त्या मेल मी कधी उघडल्या नाहीत. आहेत, एवढं पुरे होतं.

मागच्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, जुना भाच्यासाठी फॉरमॅट करायला दिला. बॅकअप घेतला होता की! डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो. घरी येऊन हार्डडिस्क उघडली तर मेलचा पत्ताच नाही. पॉपने उतरवलेल्या, त्यामुळे सर्व्हरवरही काही शिल्लक नव्हतं. दुकानात फोन केला, "भाऊ, हात लावू नका!" नशीब, आमचा नंबर आला नव्हता.

चूक माझीच. थंडरबर्ड मेल डॉक्युमेंट्समध्ये ठेवत नाही. विंडोजमध्ये त्या ॲपडेटा, मग रोमिंग, मग थंडरबर्ड, त्यातल्या प्रोफाइलमध्ये असतात. आणि ॲपडेटा हे फोल्डरच लपवलेलं असतं. तिथे इनबॉक्स नावाच्या दोन फाइल सापडल्या. 'एमएसएफ' शेपटीची छोटी फाइल म्हणजे नुसती सूची, गेली तरी पुन्हा तयार होते. बिनशेपटीची मोठी, तिच्यात खऱ्या मेल. मी घाईत छोटीच कॉपी करून निघालो होतो.

नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड बंद केलं, मोठी फाइल नाव बदलून 'लोकल फोल्डर्स'मध्ये टाकली, पुन्हा उघडलं. सगळ्या आल्या.

अम्मीला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. मी मोठ्याने वाचत गेलो. तिसऱ्या मेलला ती म्हणाली, "जरा हळू वाच."